हव, परत घेते

तक्रार आली तेव्हा रुचिता गॅसपुढे उभी राहून तव्यावरचा चिला उलटत होती. मोबाइल दणक्यात वाजला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. वस्तू विकली गेली की ते अ‍ॅप हळूच, लाजत वाजायचं. असला दणका त्यानं फक्त तक्रारींसाठी राखून ठेवला होता.

रायपूरच्या कडेला, बीरगांवच्या दोन खोल्यांच्या घरातून रुचिता ऑनलाइन घंट्या विकायची. कोंडागावच्या कारागिरांनी ओतलेल्या पितळी घंट्या, कुणाच्या माथ्यावर हरीण तर कुणाच्या माथ्यावर मोर. दुकानाचं नाव 'किणकिण'. प्रत्येक घंटी मातीच्या साच्यात ओततात आणि तो साचा फोडूनच ती बाहेर काढतात, त्यामुळे एकीसारखी दुसरी कधीच होत नाही. हे रुचिताला माहीत होतं, कारागिरांना माहीत होतं, फक्त गिऱ्हाइकांना पटत नव्हतं. फोटोतलं हरीण डावीकडे बघतंय, आमचं उजवीकडे का? फोटोतला मोर हसतोय, आमचा का नाही? करा परत!

आणि गंमत बघा, लोक तिला फोटो पाठवायचे ते फक्त भांडायला. चेपलेला पुठ्ठा, खरचटलेली कड, रुसलेला मोर. आपली घंटी कुणाच्या घरात, कुठल्या खिडकीत, कशी दिसते हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. आवडली की माणसं गप्प बसतात.

या वेळी मात्र मामला नाजूक होता. अ‍ॅपनं ताकीद देऊन ठेवली होती, 'सदोष वस्तू' म्हणून आणखी एक तक्रार तिच्याविरुद्ध गेली की दुकानाला कुलूप. आणि दुकानाला कुलूप म्हणजे उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली कारकुनाची ती खुर्ची, जिच्यासाठी बाबांनी आधीच शब्द टाकून ठेवला होता. दिवसभर ट्रकांचे नंबर टाइप करायचे.

तिनं भीत भीत तक्रार उघडली, आणि बघतच राहिली. तक्रार मराठीत होती!

'नमस्कार. घंटी फार सुंदर आहे. आल्यापासून दोनदा पुसून झाली. पण ती वाजत नाही. परत घ्याल का? – शिशिर, समता कॉलनी.'

रायपूरमध्ये गिऱ्हाईक भांडतं ते हिंदीत, आणि जरा चढलेलं असलं तर इंग्रजीत. तक्रार करता करता तारीफ करणारा हा कोण? रुचिताला हसू आलं, मग तिचं तिलाच कसंतरी झालं. दुकान बुडायला निघालंय आणि आपण हसतोय! तिनं घाईघाईनं उत्तर टाइप केलं –

'हव भैया.'

आता 'हव' म्हणजे 'हो'. शब्द छत्तीसगढी, पण इथल्या मराठी घरांत तो असा मुरलाय की कुणाला तो उसना वाटतच नाही. भाजी घेऊ का? हव. जेवलीस का? हव. पण शिशिर साताऱ्याचा. नव्या रायपूरच्या एका संस्थेत नोकरीला लागून त्याला जेमतेम एक पावसाळा झालेला. बिचाऱ्यानं तो शब्द आपल्या मराठीनं वाचला – 'हवं'. अनुस्वार घाईत राहिला असेल, असं समजला.

त्याचं उत्तर आलं ते वाचून रुचिताला काही म्हणजे काही उमगेना.

'तुम्हाला ती इतकी हवी असेल हे लक्षातच आलं नाही माझ्या. विकताना जीव तुटला असेल. कुरिअरवाल्याच्या हाती नाही देत. उद्या मी स्वतः आणून देतो. आणि... भैया नको ना.'

जीव? कुणाचा तुटला? आणि हातानं आणून देऊन कसं चालेल? अ‍ॅपच्या लेखी त्याला काही किंमत नव्हती. अ‍ॅपनं दिलेल्या मुदतीत, म्हणजे उद्या दिवेलागणीच्या आत, त्यानं आपण होऊन तक्रार मागे घेतली तरच दुकान वाचणार होतं. येईना का, तिनं ठरवलं. येईल तेव्हा हातापाया पडू. पण 'भैया नको ना' हे शेवटचे शब्द तिनं पुन्हा उघडून वाचले. चिला तोवर कोळसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला. बीरगांवचा पाऊस गच्चीवरून वाहतो तो काळा होऊनच, कारखान्यांची काजळी धुऊन नेत. रुचिता दारात उभी राहून ते काळं पाणी बघत होती, तेवढ्यात एक स्कूटर फाटकाशी थांबली. उंचसा, चष्मेवाला, केसांपासून बुटांपर्यंत निथळणारा एक तरुण उतरला.

"रुचिता... मॅडम?"

"हव. पण तुम्ही तर पूरे भिजले! रेनकोट नाही का?"

"आहे की." त्यानं काखेतलं गाठोडं पुढे केलं. रेनकोट घंटीला गुंडाळलेला होता.

रुचिता थक्क झाली. परत आलेला माल तिनं खूप पाहिला होता – फाटक्या खोक्यात कोंबलेला, चिकटपट्ट्यांनी जखडलेला. स्वतः भिजत, माल कोरडा ठेवून परत करायला आलेला माणूस पहिल्यांदाच बघत होती. चष्म्यावरचं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं. तिच्या मनात आलं, आपणच पुसावा... आणि ती एकदम दोन पावलं मागे सरली.

"कोन आहे वं, रुचे?" आतून शामराव आले. तिचे बाबा, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले. "जय भीम!"

"जय भीम, काका," शिशिर सहज म्हणाला, आणि वाकून बूट काढू लागला. ते 'सहज' रुचितानं बरोबर टिपलं.

"काय झालं घंटीले? पॅकिंग म्या केली हाय. जिंदगीभर वॅगन बांधले, एकाचाही खिळा ढिला नाही झाला."

"पॅकिंग उत्तम आहे, काका. फक्त... वाजत नाही."

रुचितानं घंटी उलटी केली, आत बोट घातलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आतल्या लोलकाभोवती काळ्या फडक्याची पट्टी गच्च आवळून बांधलेली. रस्त्यात आदळू नये म्हणून शामराव प्रत्येक घंटीची जीभ अशीच बांधायचे. 'आतलं फडकं सोडा' असं लिहिलेली चिठ्ठी मग रुचिता खोक्यात टाकायची. या वेळी ती चिठ्ठी टाकायचीच राहिली होती. फडकंही काळं, आतल्या अंधारात दिसणार कसं?

"माफ करा... गलती माझीच हाय," ती पुटपुटली. तिचे कान तापले. आता हा भडकणार, आणि त्याचं भडकणं बरोबरच असणार.

"म्हणजे ती मुकी नाहीये?" शिशिर लहान मुलासारखा पुढे झुकला. "सोडा ना... सोडा!"

शामरावांची गाठ ती. नखांनी सुटेना. शिशिरनं घंटी दोन्ही हातांत धरली, रुचितानं लोलक बाहेर ओढून दातांनी गाठ सैल केली, आणि त्या गडबडीत दारातल्या झडीनं ओले झालेले तिचे केस त्याच्या मनगटाला लागले. दोघांनीही लागले नाहीत असं दाखवलं.

पट्टी सुटली. त्यानं घंटी हलवली.

आधी एकच ठोका. मग त्याच्या पाठोपाठ एक लांब, गोल, ओलसर नाद खोलीभर पसरला, संपला संपला म्हणेस्तोवर पुन्हा भरून आला, आणि पावसात मिसळून कुठेतरी लांब गेला. बाहेर कारखान्याची घरघर चालूच होती, पण ती ऐकू येईनाशी झाली. रुचिताच्या अंगावर काटा उभा राहिला. इतक्या घंट्या विकल्या, पण माल आला रे आला की बाबा जिभा बांधून टाकायचे, शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून. आपण विकतो ती वस्तू खरी काय आहे, हे तिला आज, या परक्या माणसाच्या शेजारी उभं राहून कळत होतं. तिचे डोळे भरून आले. शिशिरचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"अजून एकदा," दोघं एकदमच म्हणाले.

"बाप रे," शामराव हळूच बोलले, "हिले बांधून ठेवलं होतं म्या?" आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

"कशाला घेतली होती?" रुचितानं विचारलं.

"दारावर लावायला. ऑफिसातून आलो की घर इतकं गप्प असतं ना... वाटलं, दार उघडताना काहीतरी वाजलं तर कुणीतरी आहे असं वाटेल." तो ओशाळून हसला. "आता मी ती परत नाही देणार हं. तुम्हाला कितीही हवी असली तरी."

"मग तक्रार?"

"लगेच मागे घेतो." त्यानं मोबाइल काढला. नेटवर्क नाही. पाऊस आला की बीरगांवचं नेटवर्क हमखास जायचं. बाहेर उजेड ओसरायला लागला होता, आणि दिवेलागण झाली की निकाल लागणार होता. रुचितानं रडवेल्या आवाजात त्याला सगळं सांगून टाकलं – ताकीद, कुलूप, उरल्याची खुर्ची.

"नेटवर्क कुठे येतं?"

"गच्चीवर. टाकीजवळ... पण पाऊस –"

"मी भिजलेलाच आहे."

दोघं जिना चढून धावले. रुचिताच्या हातात घंटी तशीच, पावलागणिक वाजत. टाकीच्या पत्र्याखाली एकाच माणसाला पुरेल एवढा आडोसा. त्यात दोघं, खांद्याला खांदा लावून. शिशिरनं मोबाइल उंच धरला. पडद्यावर प्रश्न होता – 'समस्या सुटली का?' त्यानं 'हो' दाबलं. चक्र फिरत राहिलं... फिरत राहिलं... रुचितानं डोळे मिटून घेतले. काळं पाणी पायांवरून वाहत होतं आणि शेजारच्या माणसाचा श्वास तिला ऐकू येत होता.

"गेलं!" तो ओरडला. 'तक्रार मागे घेतली आहे.'

रुचितानं डोळे उघडले. आनंदानं तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनं घंटी वाजवली. पाऊस, नाद, आणि चष्म्याआडून तिच्याकडे बघणारे ते डोळे... आपल्याकडे असं कुणी बघितल्याचं तिला आठवेना.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्हाला ही इतकी का हवी होती?"

"मले? मले काहून हवी राहील? मी तर विकून राहिली!"

"तुम्हीच लिहिलं होतंत – हवं."

रुचिता क्षणभर गोंधळली, आणि मग जी हसायला लागली ती पत्रा धरून हसत सुटली. "अहो, हव! हव म्हणजे हो! परत घ्याल का विचारलं तुम्ही... मी म्हटलं, हो!"

शिशिर लालबुंद झाला. "म्हणजे मी... उगीचच आलो इतक्या पावसात?"

"उगीच कायले?" ती हळूच म्हणाली. "चांगलं झालं ना, चुकीचं वाचलं ते."

खालून शामरावांनी चहाला हाक मारली. दोघंही लगेच खाली उतरले नाहीत.

त्यानंतर बोलणार कसं? तक्रार मिटली की तक्रारीची खिडकीही मिटते. पण शिशिरनं शोधून काढलं – घंटीच्या फोटोखाली 'विक्रेत्याला विचारा' म्हणून जागा असते. तिथं त्यानं प्रश्न टाकला, साऱ्या जगासमोर : 'घंटी दारावर लागली. विक्रेते पाहणीसाठी येतात का?'

रुचितानं लाजत उत्तर लिहिलं : 'अशी सेवा उपलब्ध नाही, भैया.'

त्याखाली नागपूरच्या कुणा गंधालीताईंनी टाकलं : 'अगं, जाऊन तर ये!'

रुचिता गेली. रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, समता कॉलनीत. जिना चढली, दार ढकललं – आणि डोक्यावर तोच नाद. गोल, लांब, भरून येणारा. ती उंबऱ्यातच थांबली. खिडकीतलं ऊन तिच्या घंटीवर पडलं होतं. ओतताना राहिलेल्या बारीक खाचा, ज्यांचे फोटो काढून लोक भांडायचे, त्याच खाचांत ते ऊन साठून चमकत होतं. आपल्या घंटीला कुणी इतक्या प्रेमानं घर दिलं होतं.

"कशी दिसते?" शिशिर आतून पुढे आला.

"मले ठाऊकच नव्हतं..." ती घंटीकडे बघतच म्हणाली.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला, हळूच, लाजत. त्यानं वाचून तिच्यापुढे धरला : 'या वस्तूची परत करण्याची मुदत आज संपली आहे.'

"आता काही परत करता येणार नाही," तो म्हणाला. "ना घंटी, ना... रुचिता, मी विचारतो. मी तुला... हवा आहे का?"

तिनं हात वर करून घंटीची जीभ बोटांत धरली. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"हव," ती म्हणाली.

शिशिर घाबरला. "हे... छत्तीसगढी की मराठी?"

रुचितानं घंटी सोडून दिली.

"दोन्ही."