दुपारी तीनला येणारी धोंडूबाई

ही गोष्ट खरी आहे. आयुष्यभर लोकांना थापा मारल्या, त्यामुळे खरं सांगताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

ठिकाण कर्जतजवळ दहिवली, आमचं घर. गेल्या फेब्रुवारीतला शुक्रवार. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

माझी बायको हिरू शेवटच्या अवस्थेत होती. कॅन्सर.

हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. मुंबईच्या ज्या इस्पितळात दुसरा कुठलाच आजार घेत नाहीत, तिथं तिला चार महिने नेलं आणि दर वेळी बाहेर येऊन सांगितलं, पित्त आहे.

आमच्याकडं पद्धतच आहे. दुखणं अख्ख्या आळीला ठाऊक असतं, दुखणाईताला सोडून.

दर मंगळवारी समिधा यायची. अशा रुग्णांशी घरी येऊन बोलणारी समुपदेशक. पोरगी गोड, पण हट्टी. मला म्हणायची, काका, काकूंना काय वाटतंय ते विचारा. मी विचारायचो नाही. विनोद सांगायचो. हिरू हसायची.

मला वाटायचं, झालं की काम.

त्या शुक्रवारी औषधं घेऊन परतलो, तर आतून बोलण्याचा आवाज...

हिरू बोलत होती. सावकाश, न थांबता. महिन्याभरात ती इतकं बोलली नव्हती. मधूनच दुसरी कुणी बाई हुंकार देत होती.

वार तिचा नव्हता, पण समिधाच आली असेल. मध्ये कशाला जा, म्हणून मी ओट्यावर बसलो.

मग लक्षात आलं... दारात चपला नव्हत्या.

आत गेलो. हिरू एकटीच. गाल ओले, पण चेहरा हलका झालेला.

"कोण आलं होतं गं?"

"धोंडूबाई."

मी पिशवी हळूच खाली ठेवली.

धोंडूबाई आमची शेजारीण. तीन वर्षांपूर्वी गेली. याच दुखण्यानं. तिलाही सगळ्यांनी पित्तच सांगितलं होतं. एकदा माझा हात धरून म्हणाली होती, "भाऊ, मी मरतेय का वो?" मी म्हटलं, छे, आधी नातवाच्या वरातीत नाचायचंय तुम्हाला. खोलीतले सगळे हसले.

ती हसली नव्हती.

समिधाला फोन केला. तिनं समजावलं, औषधांनी असे भास होतात, घाबरू नका. मग म्हणाली, कुणाशी का होईना, मन मोकळं करताहेत ना.

पटलं. पण औषधं हिरू घेत होती. हुंकार मी ऐकला होता.

शनिवारी तीन वाजता पुन्हा... रविवारीही. एकदा तर शब्द स्पष्ट आले.

"बोल गं. मी हाय हितं."

मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की सगळं शांत.

सोमवारी सकाळी मी तिच्या उशाशी बसलो. म्हटलं, "हिरू, पित्त नाही गं ते."

"ठावं हाय. पयल्या दिवसापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी रोज येवढं घाबरून विनोद सांगायचे. मी हसले नसते, तर तुमी कुठं गेले असते?"

या वेळी मी विनोद केला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, आता मला सांग. धोंडूबाईला सांगितलंस ते सगळं. मी नुसतं ऐकतो.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. डोळे मिटले.

"सांगून झालं वो. परत सांगायला दम नाय ऱ्हायला."

मंगळवारी पहाटे ती गेली.

तेव्हापासून मी दुपारी घर सोडत नाही. धोंडूबाई आली, तर एकच विचारायचंय... हिरू काय म्हणाली?

ती येत नाही. ती कुणाकडं येते, ते मला कळलंय.

म्हणून गेल्या महिन्यात मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट अगदी स्वच्छ आले. डॉक्टरांनी हात मिळवून अभिनंदन केलं.

मी बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि रडलो.