राशीवरचा ठसा

लाइट गेले तर जाऊ देत, गोष्टीला कंदील पुरतो. मितेश, हसू नकोस. ही ऐकीव गोष्ट नाही. हिरामण कंपनीत माझ्याच शिफ्टला होता, आणि तो माणूस खोटं बोलायचा ते फक्त रजेच्या अर्जात.

मंगळवार, दहा डिसेंबर शहाण्णव. कार्तिकातली अमावास्या. रोह्याचे विष्णु मास्तर, चित्रकलेचे, सकाळच्या गाडीनं कासूला उतरले. खाडीकाठी एका जुन्या मिठाच्या पेढीच्या इमारती होत्या, त्या पाडायच्या आधी त्यांना कागदावर उतरवून घ्यायच्या होत्या. मालकाचा बंगला, कचेरी, वजनकाट्याची खोली, आणि बांधाच्या पार टोकाला दगडी गोदाम. वाट दाखवायला हिरामण. बंगल्यात तो मास्तरांची थट्टा करत होता, गोदामापाशी मात्र पायरीच्या अलीकडंच थांबला.

त्याचा बाप हैबतराव त्या गोदामाचा राखणदार. तेव्हा पद्धत अशी होती, की संध्याकाळी राखणदार मिठाच्या राशीवर हातात मावेल एवढा लाकडी ठसा जागोजाग दाबून जायचा. कोणी पाटीभर मीठ उचललं तरी ठसा मोडायचा आणि चोरी उघडी पडायची. ठसा एकच, उजवा कोपरा तुटलेला, हैबतरावच्या कमरेला बांधलेला.

अठ्ठावन्न साली एका सकाळी रास निम्मी झालेली दिसली. वर ठसे मात्र ताजे, अख्खे. मग चोर कोण? ज्याच्या कमरेला ठसा, तो! मालकाच्या माणसांनी हैबतरावला गोदामात कोंडलं. पोलीस यायला दुसरा दिवस उजाडला. दार उघडलं तर हैबतराव मरून पडलेला. ठसा त्याच्याच चितेवर जाळून टाकला.

हिरामण सात वर्षांचा, आई आधीच गेलेली. बापाचा जिवलग दोस्त जगन आणि त्याची बायको इंदुबाई, त्यांनी पोराला पोटच्यासारखं वाढवलं, लग्न लावून दिलं. गावात कोणी ‘चोराचा पोर’ म्हटलं, की जगनकाका काठी घेऊन उठायचा. एकच ताकीद होती त्याची. “दिवेलागणीनंतर बांधावर जायचं नाय.” हिरामणला वाटायचं, काय ही माया!

तर मास्तर संध्याकाळी स्टेशनवर आले आणि कपाळावर हात मारला. कॅमेरा गोदामाच्या पायरीवर राहिला होता.

हिरामण म्हणाला, “तुमी गाडीत बसा गुरुजी. मी आणतो. दवानं खराब होईल तो.”

अमावास्येचं उधाण. बांधाच्या दोन्ही अंगांनी पाणी चढत होतं. पावणेनऊला तो गोदामाशी पोचला. बॅटरी मारली. कॅमेरा होता तिथंच होता. वाकून उचलताना तोल गेला, म्हणून त्यानं दाराला हात टेकला.

आतून आवाज आला.

“जगन... आलास व्हय?”

हिरामण हलला नाही. हलताच येईना. अडतीस वर्षांनी ऐकला, तरी बापाचा आवाज कोण विसरतो?

“सांगितलंस त्यांना?”

पाणी दगडाला लागत होतं. दुसरं काही नाही.

“एका रातीसाठी नेलेलास ठसा... पहाटे आणून दिलास... सांग ना रं त्यांना...”

मग दारावर आतून थाप. हलकी. दुसरी त्याहून हलकी.

“सांगशील ना?...”

तो घरी कसा आला, त्याला ठाऊक नाही. जगन ओट्यावर विडी ओढत बसला होता.

“काका, त्या राती ठसा कोनाकडं होता?”

विडी हातातच विझली. आतून इंदुबाई दारात आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

“त्यानं माझं नाव घेतलं नाय रं...” जगन म्हणाला. “मला वाटलं, सकाळी सोडतील...”

“तो तुझी वाट बघत होता, काका.”

जगन विझलेली विडी बोटांत कुस्करत राहिला.

“अडतीस वरसं तुझ्या घरचं मीठ खाल्लं मी. माझ्या बापाला चोर म्हनत होते, आनि तू काठी घेऊन उठत होतास!”

हिरामणनं हात उगारला नाही. शिवी दिली असती तर बरं, असं इंदुबाई मला नंतर म्हणाली. त्याच रात्री बायको सगुणाला घेऊन तो कोलाडला सासरी निघून गेला. तो आजतागायत परत आलेला नाही.

सकाळी इंदुबाईनं पेजेत मीठ घालायला बरणी उघडली. मोठ्या तोंडाची, चिनी मातीची बरणी. आत मीठ सपाट दाबलेलं, आणि त्यावर ठसा. उजवा कोपरा तुटलेला.

जगन जिवंत आहे, अळणी जेवतो. त्या बरणीत कोणी चमचा घालत नाही. आणि किमया, तूच सांग, आपल्याकडं आषाढात कोणाच्या मिठाला पाणी सुटत नाही? तीन पावसाळे गेले. परवा मी स्वतः झाकण काढून पाहिलं.

मीठ कोरडं आहे. ठशाची एक कडसुद्धा ढळलेली नाही.