सुतकातलं रेकॉर्डिंग

नत्थुजी गेले तेव्हा त्यांच्या बायकोची, जमुनाबाईंची मालिका ऐन रंगात आली होती. सुतक म्हणजे तेरवीपर्यंत टीव्ही बंद, आणि अकोल्याच्या जुन्या शहरात गल्लीचे कान भारी तिखट. आई रडून रडून अर्धी झालेली. मुलाला, कुलदीपला वाटलं, पुढे मन रमवायला तिची मालिका तरी राहू द्यावी.

तो अमरावतीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. भंगारात निघालेला एक जुना कॉम्प्युटर, केबलच्या बॉक्समधलं चित्र त्यात उतरवणारी बोटाएवढी पट्टी आणि फुकटचा एक प्रोग्राम, एवढ्यावर त्याने रेकॉर्डर जुळवला. बॉक्स चालू, टीव्ही बंद. आत्या-मावश्यांना दिसू नये म्हणून बॉक्सच्या दिव्यावर काळी टेप लावली. रिमोट पोरांच्या हाती लागायला नको म्हणून त्यातला एक सेल काढून भिंतीवरच्या बंद घड्याळात घातला. तेही बिचारं चालू झालं.

मालिकेच्या वेळी सगळे अंगणात पोथी ऐकायला बसत. टीव्हीच्या खोलीत, नत्थुजींना जिथे शेवटचं निजवलं होतं तिथे, नुसता दिवा जळत असे.

दहाव्याला मोर्णा नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना.

"आईले सांभाळतो, बाबा," कुलदीप हात जोडून म्हणाला. "आचलचं लगन मी करतो."

बहिणीच्या लग्नाच्या शब्दालाही कावळा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून जमुनाबाईंना एकच घोर लागला.

"काय राहून गेलं असन रे त्यायचं?"

तेरवी झाली, पाहुणे गेले. कुलदीपने आईला दिवाणावर बसवून पहिलं रेकॉर्डिंग लावलं. नायिका दार उघडणार, तोच चॅनल बदललं. कापसाचे भाव लागले.

"तू बदललं काय रे?"

"रेकॉर्डिंग आहे, आई... मी काहून बदलू?"

दुसऱ्या दिवसाचं लावलं. तिथेही तेच. नत्थुजींची जन्माची खोड ही. मालिका रंगात आली की बाजारभाव! त्यावरून घरात रोज भांडण व्हायचं.

मग पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उमटली आणि वाढत वाढत काठाला टेकली. नत्थुजींना कमी ऐकू यायचं. निवेदकाचा आवाज फाटला, तरी रेघ जाईना. कोणीतरी बटण दाबतच होतं. दहाव्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तर सगळी चॅनलं भराभर फिरत होती, एकावरही थांबत नव्हती.

कुलदीपने रेकॉर्डिंग थांबवलं. जमुनाबाईंना मात्र रडू कोसळलं.

"टीवी बंद होता ना आपला... इथंच बसून राहिले ते, अन् त्यायले काई दिसे नाई, काई ऐकू ये नाई..." त्यांनी पदराने नाक पुसलं. "लाव. त्यायचं लाव."

कुलदीपने बॉक्सवरची बटणं दाबून बाजारभाव लावले. आवाज पूर्ण सोडला. खिडकीच्या काचा थरथरल्या.

पडद्यावर हिरवी रेघ उमटली. ती हळूहळू कमी होत मध्यावर येऊन थांबली.

कुलदीपने रिमोट उचलून पाहिला. सेलची एक जागा रिकामीच होती. त्यातल्या सेलवर भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.

बऱ्याच वेळाने जमुनाबाई दिवाणाच्या मोकळ्या बाजूकडे पाहत दबक्या आवाजात म्हणाल्या, "आता... माही मालिका लावू काय?"

रेघ पुन्हा उमटली. बाजारभावांचा आवाज एका घराने वाढला.