कोरडे तांदूळ

दिव्याची वात जरा वर करा, म्हणजे सांगतो. मी धारला फौजदार होतो. उदाजीरावांची दमेकरी बायको भवानीबाई श्वास कोंडून गेली. कुणीतरी तोंड दाबलं होतं, आणि संशय आला मोलकरीण पार्वतीवर. नाव उदाजीरावांनीच घेतलं. एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसावर अविश्वास कोण दाखवणार? पार्वतीच्या गळ्याशी फास आला होता.

तेराव्यानंतर एका दिवेलागणीला मी त्यांच्या घरी तांदूळ घेऊन गेलो. जुनी रीत. संशयितांनी कोरडे तांदूळ चावून पानावर थुंकायचे. गुन्हेगाराचं तोंड भीतीनं कोरडं पडतं म्हणतात. तांदळात काही कालवलेलं नाही हे दाखवायला फौजदारानंही चावायचे. मी, उदाजीराव, शेजारचे बळवंतराव आणि पार्वती. चार माणसं, पळसाची चार पानं.

तांदूळ तोंडात होते, तेवढ्यात भवानीबाईंच्या कुलूपबंद खोलीतून खोकला आला. दमेकऱ्याचा, ओढून काढलेला. पाठोपाठ दम्यावर घेतात त्या ओव्याच्या धुरीचा वास.

"बाईसाहेब..." पार्वती पुटपुटली. बळवंतरावांनी गच्च डोळे मिटले.

आम्ही थुंकलो. पार्वतीचे तांदूळ पिठासारखे कोरडे.

"बघा!" उदाजीराव हसले. "बांधा तिला."

"सरकार, बाईसाहेबांची आण... मी नाही केलं."

दाराशी उभ्या माझ्या शिपायानं तिच्या हाताला दोर लावला. मी मात्र माझ्या पानाकडे बघत होतो. माझेही कोरडे ठणठणीत! बळवंतरावांचेही. आता मी तर कुणाचा जीव घेतला नव्हता. अहो, भल्या माणसाचाच घसा भीतीनं सुकतो! ओले होते फक्त उदाजीरावांचे.

"तुम्हांला भीती नाही वाटली?" मी हळूच विचारलं.

"अहो, भीती कशाची? या वखताला रोजच खोकते ती. उशी दाबली तेव्हा कुठं गप्प झाली, आणि आता परत..."

ते थबकले. चेहऱ्यावर लाज नव्हती की दुःख नव्हतं. पत्त्यांत चुकीचं पान पडल्यावर होतो, तेवढाच वैताग.

पार्वतीच्या हाताचा दोर सुटला आणि त्यांच्या मनगटांवर बसला. ती ओक्साबोक्शी रडली. माझी छाती आनंदानं फुगली होती. उभ्या नोकरीत तेवढा आनंद मला परत झाला नाही. शतमूर्ख रीत, पण त्या दिवशी तिनं न्याय केला.

सगळे गेल्यावर मी पानं उचलायला वाकलो. चार मांडली होती. होती पाच.

पाचव्यावरचे तांदूळही चावलेले होते. आणि सगळ्यांत कोरडे.