मझार कोन शे?

त्या दिवशी सुलक्षणा आत गेली ती फक्त एक सैल वायर बघायला. दोन मिनिटांचं काम. मे महिन्याची भर दुपार होती, आणि जळगावातली मे महिन्याची दुपार म्हणजे काय ते खानदेशी माणसाला सांगायला नको. नशिराबादच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात भुताखेताची आठवण कुणाला येणार, सांगा बरं!

काम तिचं मोठं विचित्र. जमिनीखाली तीस-पस्तीस किलोमीटरवर खडकाचं काय होतं ते बघायला कुणी जाऊ शकत नाही, म्हणून तिथली परिस्थितीच वर आणायची. आपल्या काळ्या पाषाणाच्याही पार खालून, खोल बोअरमधून काढलेला पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक. त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा प्रेसच्या, म्हणजे दाबयंत्राच्या जबड्यात धरायचा, आवळायचा, आतल्या भट्टीत लालभडक तापवायचा आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं. कोरडा, थंड दगड वीज वाहू देत नाही. दाबला, तापला, की थोडी थोडी वाहू लागते. त्या 'थोडी थोडी'वर सुलक्षणाची पीएचडी अडकली होती. प्रेस उद्या दुसऱ्या शहरात जाणार होता आणि हा शेवटचा तुकडा होता.

प्रेसची खोली प्रयोगशाळेच्या तळघरात. भिंती हातभर जाड आणि दार पोलादी, कारण दाबाखाली काही फुटलं तर कपच्या गोळीसारख्या सुटतात. एकदा दार बसलं की ते आतून उघडत नाही. मोजमापात खरखर नको म्हणून मोबाइल बाहेर ठेवायचा आणि यंत्र सुरू झालं की आतले दिवेही आपोआप बंद.

यंत्र चालवायला तोतारामभाऊ. आधी ते धुळ्याकडे विहिरींवर सुरुंग लावायचे. त्यात एक कान गेला, दुसरा असून नसल्यासारखा. पण विहिरीची शिस्त त्यांनी इथेही सोडली नव्हती. दार लावण्याआधी उंबऱ्यावर उभं राहून तीनदा हाळी द्यायची, "मझार कोन शे?" म्हणजे आत कोण आहे? आत कुणी असेल त्याने "मी शे" म्हणायचं. नाही आला आवाज, की दार बंद.

आणि सुलक्षणा काय म्हणायची? "आहे!"

तिचे आबा, लोटन आबा, तेही विहिरी खोदणारे. घरात बठ्ठं, म्हणजे सगळं बोलणं अहिराणी. पण कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ती चुकून "मना डबा शे तो" म्हणाली आणि खोलीभर मुली खिदळल्या. त्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून तिने 'आहे', 'आहे' घोकलं. मेली लाजच वाटली होती तिला स्वतःच्या जिभेची. पुढे घरीसुद्धा 'आहे'. आबा फोनवर चिडवायचे, "कशी शेस वं, आहेवाली बाई?" तोतारामभाऊ मात्र वैतागायचे, "बेटा, या कानले 'शे' कयतं. तुनं 'आहे' मन्हापर्यंत येतच नही."

तर ती वाकून, हातातल्या मीटरने वायरी तपासत होती. वायर जोडलेली असेल तर मीटर बीप करतं, तुटलेली असेल तर गप्प. दोन्ही टोकं तिने दगडाच्या तारांना लावली. दगड थंड होता. मीटर गप्प. बरोबर.

चहा घेऊन आलेल्या भाऊंची पावलं वाजली. "मझार कोन शे?"

"आहे!" ती म्हणाली.

बीप.

तिने मीटरकडे पाहिलं. असं कसं?

"मझार कोन शे?"

"आहे हो भाऊ, थांबा!"

बीप. आणि तिच्या लक्षात आलं, आवाज घुमला नव्हता. या खोलीत साधा पाना पडला तरी भिंती दणाणायच्या. तिचा शब्द तोंडातून निघाला आणि दाराकडे जायच्या ऐवजी मागे, दगडाकडेच गेला...

तिसरी हाळी. तिसरं "आहे". तिसरी बीप. आणि धाडकन दार बसलं. दिवे गेले. पंप घरघरू लागला.

सुलक्षणा दारावर तुटून पडली. हातांनी, चपलेने, पान्याने. बाहेर पंपाचा गोंगाट आणि भाऊंचे ते कान! काळोखात गरम तेलाचा वास पसरला. भट्टीच्या फटीतून लालसर रेघ दिसायला लागली. अडकित्त्यात सुपारी दाबावी तसा दगड कुठेतरी आत कुरकुरत होता. "मी आहे! आत आहे मी! आहे!" प्रत्येक शब्दाला मागे बीप, आता लांब, ओढल्यासारखी. आणि दर वेळी तिचा आवाज थोडा पातळ होत होता... कुणीतरी तो हातात धरून सावकाश ओढून घेत होतं. देवा रे, मी इथेच मरते की काय, असं तिला स्वच्छ वाटलं.

मग आबा आठवले. विहिरीच्या तळातून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारे आबा.

"शे!" ती किंचाळली. "भाऊ, मी शे! मझार मी शे!"

खोली दणाणली. मीटर गप्प राहिलं.

पंप थांबला. दाब सुस्कारत उतरला, दार उघडलं आणि भाऊंनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. दार त्यांनी पाठीने लोटून दिलं.

"माय वं! बोलनी का नही तू पहिले?"

ती जमिनीवरच बसली. प्रयोग गेला, तुकडा गेला, वर्षाची मेहनत पाण्यात. जीव वाचला होता, तेवढं पुष्कळ होतं. भाऊंनी पाणी पुढे केलं. "ठीक शेस ना?"

तिला म्हणायचं होतं, हो, ठीक आहे. ओठ हलले. 'ठीक'पर्यंत आवाज आला आणि पुढचा शब्द आलाच नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं, घसा ताणला. वर्षानुवर्षं घोकलेला तो दोन अक्षरी शब्द तिच्या तोंडात नव्हताच.

"शे," ती कशीबशी म्हणाली. "ठीक शे."

तेव्हा बंद दारामागे मीटर वाजलं. बीप. आणि पाठोपाठ, होस्टेलवर घोटून घोटून कमावलेल्या तिच्याच शुद्ध, स्वच्छ आवाजात...

"आहे... मी आत आहे... भाऊ, दार उघडा ना..."

तोतारामभाऊंना एका कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याने अर्धंच. हे त्यांना नीट ऐकू आलं. तिच्या दंडावरचा हात त्यांनी हळूच काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरकले.

"बेटा," ते कुजबुजले, "मंग मी बाहेर कोनले काढं?"