तेवीस नंबरची पट्टी

"दोष माझा असेल तर तसं तोंडावर सांगा," रोसाल्बा किंतेरोस दारातूनच म्हणाली. "नसेल तरी सांगा. पण संध्याकाळच्या आत. आज पुन्हा पाऊस आहे."

नेल्सनने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. हातातली प्लास्टिकची पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

चिलीतल्या वाल्पाराइसोच्या त्या टेकडीवर तिला सगळे 'प्रोफे', म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणत. तीस वर्षं तिने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ती स्वयंपाकघरात तांब्याची शाई बनवू लागली. मोरचूद, धुण्याचा सोडा, मधमाश्या पाळणाऱ्याकडून आणलेलं फॉर्मिक ॲसिड आणि अमोनिया. तयार झालेली गडद निळी शाई कॉफीच्या कागदातून गाळून ती जुन्या प्रिंटरच्या रिकाम्या काडतुसात भरायची. फोटोच्या कागदावर दोन समांतर रेघा छापून कागद दोन काचांमध्ये दाबायचा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा. निळ्या रेघा बघता बघता खऱ्या तांब्याच्या व्हायच्या.

अशा पट्ट्या तिने ओढ्याकाठच्या घरांत जमिनीलगत बसवल्या होत्या. पाणी पट्टीच्या टोकाला लागलं की दोन रेघांमधून वीज जायची आणि घंटी वाजायची.

मंगळवारी रात्री ओढा फुगला. तेवीस नंबरच्या घरात तिबुर्सिओ झोपला होता. त्याची घंटी वाजलीच नाही. गुडघाभर पाण्यात म्हातारा घसरला, नडगीचं हाड मोडलं. त्याचा कुत्रा बुडून मेला.

"लोक आपापल्या पट्ट्या उपटून टाकतायत," प्रोफे म्हणाली. "माझ्या तोंडावर कोणी काही बोलत नाही. मी आले की गप्प होतात."

"ही त्या घरातली?" ओफेलिया मार्चांतने पिशवी उचलली. विम्याच्या कंपनीत वीस वर्षं खोटे दावे पकडून ती आता स्वतःची तपास कचेरी चालवत होती; नेल्सन तिचा मदतनीस. बोलताना ती समोरच्याच्या हातांकडे बघायची.

"हो. उघडून बघायचं धाडस होत नाही मला."

"तेवीस नंबरच्या पट्टीत काही वेगळं होतं?"

"ती नवी होती. बाकीच्या सगळ्या मार्चमधल्या, हवेने काळवंडलेल्या. त्याचं घर सगळ्यात खाली, म्हणून उरलेल्या शाईतून महिन्याभरापूर्वी त्याला एक नवी छापून दिली. खालची दोन बोटं सोडून तिच्यावर मेणबत्तीचं मेणही चढवलं, तांबं टिकावं म्हणून. तसं पहिल्यांदाच केलं. मग ॲसिड संपलं. मधवाला आता या महिनाअखेरीशिवाय यायचा नाही. जो येईल त्याला मी थांबा म्हणतेय."

ओफेलियाने पट्टी बाहेर काढली. चिखल वाळला होता. रेघांच्या कडेने तपकिरी डाग कागदात पसरले होते, पातळ चहा सांडल्यासारखे. तिने कडेवरून नख ओढलं, नखाकडे पाहिलं आणि पट्टी पुन्हा पिशवीत टाकली.

"चल नेल्सन. टोपी घे."

नेल्सन पूर्वी बस चालवायचा. एका जागी बसायची त्याला सवय नव्हती, पण ओफेलियामागे टेकडीच्या पायऱ्या चढताना त्यालाही धाप लागली. समुद्रावर ढग दाटत होते आणि ती मागे वळूनही बघत नव्हती.

तिबुर्सिओ बहिणीच्या घरी खाटेवर पडला होता. पाय प्लास्टरमध्ये.

"मी तर तिथे असायलाच नको होतो!" तो खेकसला. "महिनाभर लेकीकडे राहणार होतो. जावयाशी वाजलं, ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी, मंगळवारी संध्याकाळीच परत आलो. कोणाला सांगितलंही नाही."

"घंटी चालू आहे का, बघितलं होतं, ताता?" ओफेलियाने विचारलं. टेकडीवर आजोबांना सगळे ताताच म्हणत.

"आल्या आल्या बटण दाबलं. अशी ठणाणा वाजली!"

"बटण फक्त घंटी तपासतं, पट्टी नाही. घराची किल्ली कोणाकडे होती?"

"तिघांकडे. ओर्तेन्सिया, रामिरो आणि यास्ना. आमच्या गल्लीत तशीच पद्धत आहे."

ओर्तेन्सिया रहिवासी मंडळाची अध्यक्ष. ती अंगणातले कपडे घाईघाईने काढत होती.

"मी सुरुवातीपासून सांगत होते, कारखान्यातले भोंगे आणा. स्वयंपाकघरातल्या खेळण्यावर जीव टांगायचा का? आता पटलं ना सगळ्यांना!"

"तुम्ही तेवीस नंबरमध्ये कधी गेला होतात?"

"कुत्र्याला खायला घालायला. रोज. बिचारा." तिचा आवाज घसरला. "पट्टीकडे मी बघितलंही नाही. माझा विश्वास नव्हता म्हणून काय म्हाताऱ्याला बुडवेन?"

रामिरोचं झेरॉक्सचं दुकान पायऱ्यांच्या वळणावर होतं. रिकामी काडतुसं प्रोफेला तोच द्यायचा.

"कलर कॉपी काढून देतोस?" ओफेलियाने विचारलं.

"कुठली कलर! रंगीत मशीन सहा आठवडे झाले बंद आहे. ही पाटी बघा ना. फक्त काळं-पांढरं." तो चिडला होता. "आणि मलाच का विचारता? प्रोफेची कृती चोरून मी श्रीमंत होणार आहे का?"

नेल्सनला त्याचाच संशय आला. बाहेर पडल्यावर तो तसं म्हणालाही.

"का?" ओफेलियाने विचारलं.

"चिडला म्हणून."

"मग तुझाही संशय घ्यायला हवा. पायऱ्या दिसल्या की तूही चिडतोस."

यास्नाचं घर सतरा नंबरचं. ती खालच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओत कामाला होती, गळ्यात अजून तिथलं ओळखपत्र होतं. आतल्या खोलीत तिची आई पलंगावर पडून होती. दोन महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू गेली होती. खोली ओढ्याला लागून.

"आईला मी एकटीने कुठे हलवू?" यास्ना एकसारखी उशी सारखी करत होती. "म्हणून आमची पट्टी मी काढली नाही. लोक काही म्हणू देत."

पलंगाच्या पायाशी पट्टी होती. नेल्सन खाली वाकला, बोट फिरवलं. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. तांबं नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

"छान जपलीय," तो म्हणाला.

यास्ना उशीचा अभ्रा ओढत राहिली. ओफेलियाने मात्र नेल्सनकडे असं पाहिलं, की आपण काहीतरी मोठं बोललो असं त्याला वाटलं. काय ते कळेना.

चार वाजता सगळे प्रोफेच्या स्वयंपाकघरात जमले. रामिरोने तिबुर्सिओला गाडीतून आणला होता. वारा खिडक्या हलवत होता. प्रोफे सारखी उठत होती, बसत होती.

ओफेलियाने पिशवीतली पट्टी पाण्याच्या ताटलीत टाकली. तपकिरी रंग हळूहळू पाण्यात उतरू लागला.

"प्रोफे, तांबं पाण्यात विरघळतं?"

प्रोफेने चष्मा चढवला आणि ताटलीवर वाकली. "ही माझी नाही," ती म्हणाली. "ही साधी शाई आहे. हे तर पट्टीचं चित्र आहे!"

"चित्रच. खऱ्या पट्टीची रंगीत प्रत. दिसायला हुबेहूब, पण वीज वाहायची नाही. नखाला मेणही लागलं नाही. कोणीतरी खरी पट्टी काढून नेली आणि तिच्या जागी ही लावली."

ओर्तेन्सिया ताडकन उठली. "माझ्याकडे बघू नका!"

"बसा. तुम्हाला प्रोफेचं काम बिघडवायचं असतं तर पट्टी फाडली असती, काम झालं असतं. एवढी मेहनत घेऊन प्रत कोण लावेल? ज्याला खरी पट्टी हवी होती आणि चोरी कळू द्यायची नव्हती, तो. रामिरोचं रंगीत मशीन सहा आठवडे बंद आहे आणि ती पट्टी छापलीच महिन्याभरापूर्वी. राहिली तिसरी किल्ली. जिच्या कामाच्या जागी फोटोचा कागद आहे, रंगीत प्रिंटर आहे." ओफेलियाचा आवाज खाली आला. "टेकडीवर मेण लावलेली पट्टी एकच होती. बाकी सगळ्या काळवंडलेल्या. सतरा नंबरची तेवढी चमकते आणि बोटाला गुळगुळीत लागते. नेल्सनने हात लावून बघितलं."

नेल्सनने नकळत बोट पँटला पुसलं.

यास्ना उभी होती. तिने भिंत धरली.

"आमची पट्टी मेली होती," ती म्हणाली. "मी ओलं बोट लावून बघितलं. वाजली नाही. आई रात्रभर तिथे, मी कधी रात्री उशिरापर्यंत कामावर... ताता महिनाअखेरीपर्यंत येणार नव्हते. तोवर प्रोफेची शाई तयार होईल, मग गुपचूप परत लावेन, असं ठरवलं होतं. ओर्तेन्सियाबाई रोज आत जायच्या, म्हणून प्रत लावली. मंगळवारी माझी घंटी वाजली. मी आईला टेबलावर चढवलं. तेवढ्यात तातांची हाक ऐकू आली." तिने गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटांभोवती गुंडाळली.

"तू माझ्याकडे आली होतीस," प्रोफे पुटपुटली. "दोनदा. मी दारातूनच थांब म्हटलं. तुझ्या आईचं मी विचारलंही नाही."

पत्र्यावर पहिले थेंब टपटपले. तिबुर्सिओ प्लास्टरकडे बघत बसला होता. नेल्सनला वाटलं, आता म्हातारा शिव्या घालणार. घालायलाच हव्यात.

"माझा कुत्रा अकरा वर्षांचा होता," तिबुर्सिओ अखेर म्हणाला. "ते मी विसरणार नाही, पोरी."

"हो, ताता."

"विसरणार नाहीच." मग त्याने खिशातून वरच्या खोलीची किल्ली काढून रामिरोकडे टाकली. "माझ्या घराची वरची खोली कोरडी आहे. या पायाने मला जिना चढता येत नाही. गाडी आहे ना तुझी? हिच्या आईला आत्ताच्या आत्ता तिथे नेऊन ठेव. नेल्सन, तूही जा, पलंग जड असेल."

नेल्सन टोपी न घेताच पायऱ्या उतरू लागला.