उकार राहिला

तारांगणाच्या घुमटाखाली दिवे मालवलेले होते, म्हणून तिला वाटलं, आत कुणी नाही. हातात रंगाचा डबा, खांद्यावर मोजपट्टी आणि डोळ्यांत अजून बाहेरचं ऊन. चाचपडत ती एका खुर्चीत टेकली... तेवढ्यात अंधारातून आवाज आला.

“तर हा एक ढग आहे. पावसाचा नाही, वायूचा आणि धुळीचा. इतका विरळ, की त्यातून हात फिरवला तरी हाताला काही लागायचं नाही. आणि एक दिवस हा ढग आपल्या आपणच आत कोसळू लागतो...”

“का?” ती म्हणाली.

काहीतरी धप्पकन खाली पडलं आणि घरंगळत गेलं.

“कोण आहे?”

“अक्षरं रंगवणारी. बाहेरच्या दालनातले भिंतीवरचे फलक माझ्याकडे आलेत. तुमची टॉर्च माझ्या पायाशी आलीय. हं, सांगा... का कोसळतो?”

“इतकी वर्षं मी हे बोलतोय,” अंधारातून तो म्हणाला, “पण ‘का’ असं कुणी विचारलं नव्हतं.”

“मग काय विचारतात?”

“पंखा लावा, म्हणतात.”

तिला हसू आलं. अंधारात हसणाऱ्याचं एक बरं असतं, तोंडावर हात ठेवावा लागत नाही.

“ओढीमुळे,” तो सांगू लागला. “प्रत्येक कण दुसऱ्या कणाला ओढत असतो. एकट्या कणाची ओढ ती काय असणार. पण पुष्कळ कण जवळ आले, की—”

“की मग सुटका नाही.”

“हे वाक्य मी घेऊ का?”

“घ्या. माझ्याकडे अजून आहेत.”

त्यानं दिवे लावले. उंच, जरा पोक काढून चालणारा, शर्टाची बाही एक वर दुमडलेली नि एक खाली. खेळाच्या वेळी घुमटाखाली उभं राहून तो आकाश सांगायचा, म्हणून सगळं तारांगण त्याला सूत्रधार म्हणे. तिच्याकडे बघून त्यानं पहिलं काय केलं, तर राहिलेली बाही दुमडली.

नवं दालन ताऱ्यांच्या जन्मापासून मरणापर्यंतचं होतं. मजकूर सूत्रधाराचा, अक्षरं तिची. अर्थ कळल्याशिवाय तिच्याकडून अक्षर सरळ यायचं नाही, म्हणून शिडीवरून ती प्रश्न विचारी आणि खाली उभा राहून तो उत्तरं देई. मजकूर पोचवून त्याला खरं तर परत जाता आलं असतं. तो जात नसे.

“एकदा कोसळायला लागला, तर मग थांबतो कसा?” एकदा तिनं विचारलं.

“खाली या. हात पुढे करा. नाही, असे उभे, तळवे माझ्याकडे.”

त्यानं आपले तळवे तिच्या तळव्यांना टेकवले. “आता मी ढकलतो. तुम्हीही ढकला. हललं का कुणी?”

“नाही,” ती म्हणाली. आवाज जरा बारीकच आला.

“सूर्य असाच उभा आहे. त्याचं वजन त्याला आत दाबतं, पोटातली उष्णता बाहेर रेटते. दोघंही हटत नाहीत.”

“आणि उष्णता येते कुठून?”

“पोटात इतका दाब असतो, की हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांना चिकटतात. चार जुळून हेलियमचं एक होतं. जुळताना अगदी चिमूटभर वस्तुमान नाहीसं होतं, आणि त्याचा होतो प्रकाश. मुलांना वाटतं, सूर्य जळतो. पण जळायला हवा लागते. चूल जळते, कागद जळतो. सूर्य जळत नाही. तिथं जुळतं.”

सांगून झालं तरी तळवे तिथंच होते. मग दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि त्याच्या हातांना हिरवा रंग लागला होता तो पुसायला फडकं शोधण्यात बराच वेळ गेला.

एवढं होऊनही दोघं ‘तुम्ही’वरच होती. ‘तू’ म्हणायला कुणीतरी आधी सुरुवात करावी लागते. ती वाट बघत होती, आणि तिला वाटे, तोही बघत असावा.

मग दुर्बीणबाई आल्या.

हे नाव तिनंच मनातल्या मनात ठेवलेलं. त्या डोंगरावरच्या वेधशाळेतून मजकूर तपासायला आल्या होत्या. वयानं सूत्रधारापेक्षा दोन पावलं पुढे, केस कापलेले, हसणं मोकळं. दालनात शिरल्या आणि म्हणाल्या, “अरे, तूच का तो? तुझं लिखाण फार गोड आहे रे.”

तू. आल्या आल्या, पायातल्या चपलांची धूळ झटकायच्या आधी तू.

शिडीवर तिच्या ब्रशातून एक थेंब खाली पडला. तो बाईंच्या अंगावर पडला नाही. पडला असता तरी तिला विशेष वाईट वाटलं नसतं.

घरी ताईनं तिचं तोंड पाहूनच विचारलं, “काय गं, कुणी मारलं?”

“कुणी नाही. एक बाई आल्यात.”

“दिसायला बऱ्या आहेत का?”

“मला काय माहीत. मी काय त्यांना न्याहाळत बसले होते?” जरा थांबून ती म्हणाली, “उजव्या गालाला खळी आहे.”

ताई पदर तोंडाला लावून हसली. “अगं, मग बोल ना त्याच्याशी सरळ.”

“काय बोलू? माझा काय हक्क आहे त्यांच्यावर?”

“त्यांच्यावर!” ताई म्हणाली. “अजून ‘त्यांच्या’वरच आहेस, म्हणून तर ही वेळ आली.”

दुसऱ्या दिवसापासून सूत्रधार आणि बाई बाकावर बसून तासन्‌तास बोलू लागले. तिला अर्धं समजे, अर्धं नाही. जे समजत नसे तेच जास्त टोचे. ती ताऱ्यांच्या मरणाचा फलक रंगवत होती. कामही मनासारखं मिळालं होतं.

“तुम्ही आज काहीच विचारलं नाही,” सूत्रधार शिडीजवळ येऊन म्हणाला.

“तुम्हाला वेळ कुठाय?”

“आहे की. विचारा.”

“तारा मरतो म्हणजे काय होतं?” तिनं भिंतीकडे बघतच विचारलं.

“आपल्या सूर्यासारखा असेल, तर पोटातला हायड्रोजन संपतो. गाभा आक्रसतो, आणि बाहेरचा भाग फुगतो.”

“फुगतो?”

“चांगलाच फुगतो. आणि लाल होतो.” त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “अगदी...”

“अगदी काय?”

“काही नाही. उदाहरण समोरच होतं.”

“मग पुढे?” ती आणखी लाल झाली.

“पुढे बाहेरची आवरणं सुटून दूर जातात, आणि उरतो एक छोटासा पांढरा गोळा. हळूहळू निवत जातो. फार मोठे तारे मात्र उधळे. भराभर सगळं संपवतात आणि फुटतात. छोटे जपून वापरतात, म्हणून कितीतरी जास्त जगतात.”

“फुटणारे बरे,” ती म्हणाली. “एकदाचं कळतं तरी सगळ्यांना.”

तो काहीतरी बोलणार होता. पण बाकावरून हाक आली, “अरे, ऐक ना,” आणि तो गेला.

त्या दुपारी ती सूर्याच्या फलकावरची शेवटची ओळ लिहीत होती, तेव्हा बाकावरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

“वर ये ना तू,” बाई म्हणत होत्या. “आम्हाला लोकांना आकाश समजावून सांगणारा माणूस हवाय. इथं घुमटातल्या नकली आकाशाखाली किती दिवस बोलणार? वर खरं आकाश आहे.”

“फार मनात आहे हो...” सूत्रधार म्हणाला. “पण जरा विचार करू द्या.”

“विचार कसला? मी उद्या दुपारी निघतेय. जीपमध्ये जागा आहे.”

तिनं ओळ पुरी केली, ब्रश धुतला आणि कुणाशीही न बोलता घरी गेली.

सकाळी तारांगणाचे संचालक, दुर्बीणबाई आणि सूत्रधार फलक बघत बघत सूर्यापाशी आले. बाई मोठ्यानं वाचू लागल्या, “सूर्याच्या पोटात हायड्रोजनची अणुकेंद्रं सतत जळतात, म्हणून...” त्या थांबल्या. “जळतात?”

ती शिडीशी उभी होती. तिनं वर पाहिलं. तिचंच अक्षर, सुबक, ठसठशीत, हातभर उंच. ‘ज’च्या खाली जिथं उकार हवा, तिथं नुसती मोकळी भिंत.

“हे तर साफ उलटंच झालं,” संचालक म्हणाले. “मुलं हेच घोकतील. कुणी केलं हे?”

“माझी चूक आहे,” सूत्रधार चटकन म्हणाला. “मीच तसं लिहून दिलं होतं. घाईत उकार राहिला.”

“तू?” बाईंनी भुवया उंचावल्या. “तू तर माझ्याशी या एका शब्दावर तास घालवला होतास.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. यात ‘म्हणूनच’ काय होतं, ते कुणालाच कळलं नाही. संचालक दुरुस्त करायला सांगून बाईंबरोबर पुढे गेले.

तिच्या कानशिलांना आग लागली होती. रंगांच्या खोलीत तो तिच्या मागोमाग आला, तेव्हा ती वळलीच.

“कुणी सांगितलं होतं तुला माझी चूक अंगावर घ्यायला?”

‘तू’ तोंडातून निघून गेला होता. आता परत कसा घ्यायचा?

“मला वाटलं—”

“त्यांच्यासमोर माझी कीव केलीस. तू बरोबर लिहून दिलं होतंस, मला ठाऊक आहे. माझी चूक माझ्याकडेच राहू दे.”

“राहू दे. पण मग एक सांग,” तोही ‘तू’वर आला होता, अगदी अलगद. “जुळण्याचं जळणं झालं कसं? तुला तर सगळं नीट समजलं होतं.”

तिनं रंगाच्या डब्याचं झाकण दाबलं. ते आधीच घट्ट होतं. तरी दाबलं.

“कारण मी जळत होते,” ती म्हणाली.

“कुणावर?”

“तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे. पण मी फार दिवस फक्त आडाखेच बांधतोय... एकदा ऐकायचं होतं.”

“त्यांच्यावर. त्यांच्या खळीवर. त्या तुला ‘अरे’ म्हणतात, त्या ‘अरे’वर. आणि तू वर जाणार, त्या खऱ्या आकाशावरसुद्धा. झालं समाधान?”

तो हसला नाही. त्यानं तिच्या हातातला डबा काढून फळीवर ठेवला.

“मी इथंच थांबलो असतो,” तो म्हणाला. “तू काहीच बोलली नसतीस, तरी थांबलो असतो. फक्त बोललीस, हे फार बरं झालं. मला आवडतेस तू. त्या दिवशी अंधारात ‘का’ म्हणालीस ना, त्या दिवसापासून.”

बाहेर दालनात कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. ती नखांवरचा रंग खरवडू लागली. जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं, आणि तरी काहीतरी सलत होतं.

“तुला वर जायचं आहे ना पण? खरं सांग.”

“...हो.”

“मग जा.”

“आता कशाला?”

“तूच शिकवलंस. नुसतीच ओढ असली की कोसळतं सगळं. समोरून रेटाही लागतो.” तिनं दोन्ही तळवे त्याच्या छातीला टेकवून त्याला दाराकडे ढकललं. तो हलला नाही. तिलाही तो हलावा असं फारसं वाटत नव्हतं.

मग दोघं मिळून फलकाशी गेली. तिनं ब्रश त्याच्या हातात दिला आणि उकार काढायला सांगितलं. तो निघाला जरा फेंगडा, शेपटीला ओघळ असलेला. “पुसून नीट काढ,” तो म्हणाला. तिनं ओघळ तेवढा टिपला, बाकी तसाच ठेवला.

दुपारी जीप दाराशी लागली. पिशवी मागे टाकून सूत्रधार चढला; शनिवार-रविवारचे खेळ त्यानं सोडले नव्हते, बाकीचे दिवस वर. दुर्बीणबाई पुढं बसल्या होत्या. खळी आजही तशीच होती. तिला वाटलं होतं, आता जळणं थांबेल. ते काही थांबलं नाही. आपलं धुमसतच होतं.

फरक इतकाच, की ती सरळ पुढच्या खिडकीशी गेली.

“बाई, ह्याला शनिवारी परत पाठवा.”

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “खोटं कशाला बोलू,” त्या हळूच म्हणाल्या, “मलाही आवडला होता गं तो. पण सगळा वेळ बोलायचा माझ्याशी आणि कान शिडीकडे.” मग आवाज चढवून त्यांनी विचारलं, “आणि नाही पाठवला तर?”

“तर मी वर येईन,” ती म्हणाली. “शिडी घेऊन.”